विश्लेषण : सिमेंटच्या भट्टीत ‘रिंग’ का धरते? कराड-विट्याच्या कचऱ्याशी तिचा काय संबंध?

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० साली सातारा जिल्ह्यातील कराड आणि २०२१ साली सांगली जिल्ह्यातील विटा देशात पहिले आले. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे हा या स्पर्धेतील एक महत्त्वाचा निकष. वेगळा केलेला सुका कचरा पुढे कुठे जातो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही अशा प्लास्टिक, चिंध्या, रबर आणि चपलांच्या ढिगाला देशभरात एक मोठे गिऱ्हाईक तयार झाले आहे, ते म्हणजे सिमेंटची भट्टी. पण याच कचऱ्यातून भट्टीत क्लोरिन थोडे जास्त गेले, तर आत दगडासारखे थर चिकटतात, मार्ग तुंबतो आणि तो मोकळा करायला कामगारांना ८०० अंशांहून अधिक तापलेल्या पिठासमोर उभे राहावे लागते. हे थर का धरतात, ते रोखता कसे येतात आणि आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या बॉयलरलाही तोच आजार का जडतो, याचा हा आढावा.

सातारा-सांगलीत सिमेंटची भट्टी नाही, मग विषय इथला कसा?

सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेकडचा हा सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. इथे खडी हवी तेवढी मिळते, पण सिमेंटला लागणारा चुनखडकाचा जाड थर नाही. ओढ्याकाठी सापडणारे चुनखडीचे खडे भाजून, घाणीत मळून केलेला चुना जुन्या वाड्यांना आणि देवळांना पुरला. सिमेंटच्या भट्टीला मात्र रोज हजारो टन चुनखडक लागतो. म्हणून राज्यातील मोठ्या भट्ट्या विदर्भात आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घूस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही आणि शेजारच्या यवतमाळमध्ये मुकुटबन ही त्यांची ठिकाणे. सांगलीहून पाहिले तर कर्नाटकातील भट्ट्या अधिक जवळ पडतात : बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळचे मुद्दापूर, त्यापलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी, सेडम आणि मळखेड. सोलापूरजवळ होटगीलाही सिमेंटचा कारखाना आहे, पण तिथे भट्टी नाही. बाहेरून आलेला क्लिंकर तिथे दळला जातो.

थोडक्यात, घराच्या स्लॅबसाठी आपण जी गोणी आणतो तिच्यातला क्लिंकर अशाच एखाद्या दूरच्या भट्टीतून आलेला असतो. दिवसाला ५,००० टन क्लिंकर काढणारी एक भट्टी चार दिवस बंद पडली, तर २०,००० टन क्लिंकर बुडतो. त्यात फ्लाय अ‍ॅश मिसळून पीपीसी सिमेंट केले असते, तर ५० किलोच्या साधारण सहा लाख गोण्या भरल्या असत्या. आणि चार दिवस ही अतिशयोक्ती नाही. भट्टी थंड करायची, थर फोडायचा, आतल्या विटा तपासायच्या आणि पुन्हा हळूहळू तापवायची, यात तेवढा वेळ सहज जातो.

भट्टीच्या आत नेमके काय चालते?

भट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वीटभट्टी येते. ही तशी नाही. आडवा टाकलेला, किंचित उतरता, पोलादाचा प्रचंड नळा अशी तिची कल्पना करा. लांबी साठ-सत्तर मीटर, व्यास चार-पाच मीटर, आतून अग्निरोधक विटांचे अस्तर. हा संपूर्ण नळा मिनिटाला तीन ते पाच वेळा स्वतःभोवती फिरतो. खालच्या टोकाला ज्योत असते. ज्योतीचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर मालाचे सुमारे १,४५० अंश.

वरच्या टोकाला जवळपास शंभर मीटर उंचीचा मनोरा असतो. त्यात एकावर एक पाच किंवा सहा सायक्लोन, म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची भांडी बसवलेली असतात. चुनखडकाचे पीठ वरून सोडले जाते आणि भट्टीतून निघालेले गरम वायू खालून वर येतात. प्रत्येक सायक्लोनमध्ये पीठ वायूतली उष्णता घेते आणि एक पायरी खाली उतरते. मिनिटभरात ते साध्या तापमानावरून साडेआठशे अंशांच्या पुढे जाते. चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड इथेच निघून जातो. मग हे पीठ नळ्यात शिरते, गडगडत खाली सरकते आणि अर्ध्या तासाच्या आसपास ज्योतीपाशी पोहोचते. तिथे त्याचा सुमारे चौथा हिस्सा वितळतो आणि हरभऱ्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे काळपट खडे तयार होतात. हाच क्लिंकर.

चौथा हिस्सा वितळतो, हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. पूर्ण कोरडा माल चिकटत नाही आणि पूर्ण पातळ झालेला वाहून जातो. अर्धवट ओला माल मात्र जिथे टेकेल तिथे धरतो. कराड-पाटण किंवा शिराळ्याकडच्या गुऱ्हाळात गुळव्याला हे सांगावे लागत नाही. रस पातळ असेपर्यंत काहिलीला काही होत नाही. पाक घट्ट व्हायला लागला की क्षणभर हात थांबला तरी तो बुडाला लागतो.

आत काहीच चिकटू नये, असे उद्दिष्ट असते का?

नाही, उलट थोडे चिकटायलाच हवे. ज्योतीच्या पट्ट्यात विटांवर क्लिंकरचा काही इंच जाडीचा थर धरू दिला जातो. त्याला कारखान्यात ‘कोटिंग’ म्हणतात. हा थर नसेल तर १,४५० अंशांचा माल थेट विटांवर घासला जाईल, विटा झिजतील आणि बाहेरचा पोलादी पत्रा लाल होईल. चांगला ऑपरेटर या कोटिंगला जपतो.

प्रश्न येतो तो हा थर नको तिथे किंवा नको तेवढा वाढला की. नळ्याच्या आतून बांगडीसारखे गोल कडे तयार होते. त्याला ‘रिंग’ म्हणतात. माल त्यामागे धरणासारखा अडतो, वायूचा मार्ग अरुंद होतो, पंखा कितीही ओढला तरी हवा पुरत नाही. अडलेला माल मध्येच उसळून पुढे येतो आणि कच्चाच बाहेर पडतो. कधी ही रिंग आपोआप तुटते आणि तिचे टनावारी वजनाचे ढेकूळ खालच्या कूलरवर आदळते. दुसरे दुखणे वरच्या मनोऱ्यात होते. भट्टीच्या तोंडाशी, वायू वर नेणाऱ्या मार्गात आणि सायक्लोनच्या निमुळत्या बुडाशी थर धरतात आणि एक दिवस सायक्लोन ‘जाम’ होतो. तिसरी जागा कूलरची. तिथे क्लिंकरचा उभा ढीग गोठतो, त्याला जगभरातले सिमेंटवाले ‘स्नोमॅन’ म्हणतात. १,००० अंशांहून अधिक तापलेल्या ढिगाला बर्फाचा माणूस म्हणणाऱ्याची विनोदबुद्धी मानली पाहिजे.

थर धरवतो कोण?

मुख्य आरोपी चार : पोटॅशियम, सोडियम, गंधक आणि क्लोरिन. चुनखडकात, मातीत आणि इंधनात ते अगदी थोडे असतात. कच्च्या पिठात क्लोरिन साधारण टक्क्याचा शंभरावा-पन्नासावा भाग. एवढ्याने काय बिघडणार, असे वाटेल. पण हे चौघे भट्टीतून सहज बाहेर पडत नाहीत.

ज्योतीपाशी पोहोचले की त्यांची वाफ होते. ती वाफ वायूबरोबर वर मनोऱ्याकडे जाते. तिथे वरून येणारे पीठ तुलनेने थंड असते. वाफ त्या कणांवर गोठते आणि पिठाबरोबर पुन्हा खाली भट्टीत येते. पुन्हा वाफ, पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटच्या थांब्यावर न उतरता त्याच एसटीत बसून राहणाऱ्या प्रवाशासारखे हे चालते, आणि प्रत्येक फेरीला नवे प्रवासी चढतच असतात. क्लोरिन यात सर्वात चिवट. ते जवळजवळ सगळेच उडते, क्लिंकरमधून बाहेर फार थोडे जाते. परिणामी, कच्च्या पिठात नगण्य असलेले क्लोरिन भट्टीच्या तोंडाशी असलेल्या गरम पिठात एक टक्क्याच्याही पुढे जाऊ शकते.

पोटॅशियम क्लोराइड साधारण ७७० अंशांना वितळते. त्यात सल्फेट मिसळले की मिश्रण आणखी कमी तापमानाला ओले होते. म्हणजे नेमक्या ज्या तापमानाला सायक्लोनमधले पीठ कोरडे, सळसळते असायला हवे, त्याच तापमानाला प्रत्येक कणावर चिकट लेप चढतो. कण भिंतीला चिकटतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. काही काळाने आत नवे खनिज तयार होते. त्यातले ‘स्पराइट’ हे नाव सिमेंटच्या प्रयोगशाळेत नेहमी ऐकू येते. ते तयार झाले की मऊ थराचा दगड होतो. सुरुवातीला पहारीच्या एका धक्क्याने पडणारा थर काही दिवसांनी फोडावा लागतो, तो यामुळे.

गंधकाची कथा थोडी वेगळी आहे. पोटॅशियम-सोडियम आणि गंधक यांचे प्रमाण जुळले, तर त्यांचे सल्फेट बनून क्लिंकरबरोबर बरेचसे बाहेर निघून जाते. गंधक जास्त झाले की ते चुन्याला धरते आणि मार्गात साचते. पेटकोक हे तेल शुद्धीकरणातून निघणारे इंधन उष्णतेला जोरदार आहे, पण त्यात गंधक भरपूर असते. दगडी कोळशात गंधक कमी, पण भारतीय कोळशात राख जास्त. ती वितळून नळ्याच्या मधल्या भागात वेगळ्याच प्रकारची रिंग धरवते. इंधन बदलले की आजाराची जागा बदलते, असा हा प्रकार आहे.

जुन्या भट्ट्यांना हा त्रास होता का?

होता, पण वेगळा. फिरत्या भट्टीचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक रॅन्सम यांनी १८८५ मध्ये घेतले. त्यानंतर बरीच दशके कच्चा माल पाण्यात कालवून, चिखलासारखा करून लांबलचक भट्टीत सोडला जाई. त्यात इंधन अफाट लागे. वायूबरोबर उडालेले क्षार मात्र बऱ्याच अंशी धुराड्यावाटे बाहेर जात. १९५०च्या दशकात युरोपात सायक्लोनचे मनोरे उभे राहू लागले, भारतात १९८०च्या दशकात ही कोरडी पद्धत झपाट्याने पसरली. एल अँड टी कंपनीने आवारपूरला आपला पहिला सिमेंट कारखाना सुरू केला तो १९८३ मध्ये. मनोऱ्याने धुराड्यातून जाणारी उष्णता पकडली, इंधन वाचले. पण उष्णता पकडणाऱ्या त्याच जाळ्यात क्षारही अडकले. जेवढी काटकसर काटेकोर, तेवढा क्षारांना बाहेर पडायचा रस्ता अरुंद.

मग रोखायचे कसे?

काम सुरू होते ते खाणीपासून. एकाच खाणीत एका टोकाचा चुनखडक आणि दुसऱ्या टोकाचा यांत फरक असतो. म्हणून दगड आडव्या थरांनी रचून उभा कापतात, दळलेले पीठ सायलोत घोळवतात, जेणेकरून भट्टीला प्रत्येक तासाला सारखेच पीठ मिळेल. भट्टीला चांगल्या-वाईट मालापेक्षा बदलता माल जास्त बाधतो. तापमान वर-खाली झाले की वितळण्याची रेषा पुढे-मागे सरकते आणि प्रत्येक ठिकाणी एक चिकट पट्टा सोडते.

दुसरे काम हिशेबाचे. दगड, कोळसा, पेटकोक, कचरा यांतून किती क्लोरिन, किती गंधक, किती पोटॅशियम आत गेले आणि क्लिंकरमधून किती बाहेर आले, याची मांडणी. भट्टीच्या तोंडाशी गरम पिठाचा नमुना प्रत्येक पाळीत काढला जातो. त्यातले क्लोरिन चढू लागले की थर धरायच्या आधीच इशारा मिळतो. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित. नमुना काढणे सोपे. अहवाल वाईट आला म्हणून स्वस्त इंधनाची गाडी फाटकावरून परत पाठवणे अवघड.

तिसरे काम ज्योतीचे. हवा कमी पडली आणि इंधन अर्धवट जळाले, तर गंधकाची वाफ कितीतरी जास्त होते. त्यामुळे भट्टीच्या तोंडाशी ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड सतत मोजतात. ज्योत विटांवर आदळत असेल तर बर्नरची दिशा सुधारतात. सीलमधून बाहेरची थंड हवा आत शिरत असेल तर तीही बंद करावी लागते, कारण त्या झोताजवळ वाफ गोठून थर धरतो.

ज्या भिंतींवर थर हमखास धरतो तिथे सिलिकॉन कार्बाइड मिसळलेले अस्तर लावतात. त्यावर माल कमी चिकटतो आणि चिकटलेला लवकर सुटतो. त्याच जागी ‘एअर कॅनॉन’ बसवतात. ही दाबाखालच्या हवेची टाकी असते. ठरावीक मिनिटांनी तिचा झडप उघडतो आणि हवेचा धडाका भिंतीवरचा ताजा थर पाडतो. एका मनोऱ्यावर अशा कित्येक टाक्या असतात. थर जुना झाला असेल तर मात्र धडाके वाया जातात. मग उच्च दाबाच्या पाण्याचा झोत किंवा कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांचा स्फोट वापरावा लागतो. अमेरिकेत तर भट्टीच्या तोंडाशी गाड्यावर बसवलेली बंदूक वापरतात. विंचेस्टर ही बंदुकांसाठी प्रसिद्ध कंपनी खास भट्टीतल्या रिंगा पाडण्यासाठी आठ गेजची मोठी काडतुसे बनवते.

नळ्यातली रिंग दिसते कशी? बाहेरून. भट्टीच्या शेजारी अवरक्त किरणांचा स्कॅनर बसवलेला असतो. तो फिरत्या पत्र्याचे तापमान टोकापासून टोकापर्यंत वाचतो. जिथे आत जाड थर, तिथे पत्रा थंड. जिथे वीट गळाली, तिथे तापलेला ठिपका. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर थंड पट्टा रुंद होऊ लागला आणि भट्टी फिरवणाऱ्या मोटरचा भार बदलला, की ऑपरेटर समजतो. मग बर्नर थोडा आत-बाहेर करणे, पिठाचा पुरवठा कमी-जास्त करणे, वेग बदलणे असे उपाय करून रिंगेला तापमानाचा झटका देतात. ती वेळेवर तडकली तर भट्टी बंद करावी लागत नाही.

एवढे करूनही क्लोरिन ऐकत नसेल, तर बायपास. भट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूचा थोडा भाग बाजूला ओढायचा, झटकन थंड करायचा आणि त्यात गोठलेले क्षार धुळीच्या रूपात काढून घ्यायचे. अडकलेल्या प्रवाशाला मधल्या थांब्यावर उतरवण्यासारखे हे आहे. त्यासाठी यंत्रणेचा खर्च येतो, उष्णताही वाया जाते. शिवाय निघालेल्या धुळीचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. ती सिमेंटमध्ये मिसळता येते, पण थोडीच. क्लोराइडमुळे काँक्रीटमधली सळई गंजते, म्हणून भारतीय मानकाने साध्या सिमेंटमध्ये क्लोराइडला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे.

तुंबलेला सायक्लोन मोकळा करणे इतके धोक्याचे का?

दिवसाला ५,००० टन क्लिंकरच्या भट्टीत मिनिटाला साधारण साडेपाच टन पीठ वरून पडत असते. सायक्लोनचे बूड तुंबल्याचे दहा मिनिटे लक्षात आले नाही, तर पन्नास टनांहून जास्त पीठ वर साचते. म्हणून प्रत्येक सायक्लोनच्या बुडाशी दाब मोजणारी नळी असते आणि खालच्या पाइपचे तापमान पडले की घंटा वाजते. ती नळीच आधी तुंबली असेल, तर घंटा वाजत नाही.

या तापमानाचे बारीक पीठ मातीसारखे पडून राहत नाही. कणांमध्ये वायू भरलेला असतो, त्यामुळे ते पाण्यासारखे वाहते, फटीतून उसळते. कामगार झाकण उघडून लांब सळईने खालचा थर ढोसत असतो. तो सुटला की वरचे टनावारी पीठ एका क्षणात कोसळते, त्याने ढकललेली तप्त हवा आणि पीठ उघड्या झाकणातून माणसाच्या अंगावर येते. पिठात तयार झालेला चुना असतो. घामाशी त्याचा संबंध आला की भाजण्यात आणखी भर पडते.

नियम स्पष्ट आहेत. पिठाचा पुरवठा आधी बंद. आत हवेची ओढ कायम, म्हणजे झोत बाहेर येणार नाही. खालच्या सगळ्या मजल्यांवरून माणसे हलवायची, कारण पीठ मनोऱ्याच्या तळापर्यंत जाते. एअर कॅनॉन कुलूपबंद करून टाक्या रिकाम्या करायच्या. एका वेळी एकच झाकण उघडायचे, पळायची वाट मोकळी ठेवायची, अ‍ॅल्युमिनियमचा लेप असलेला पूर्ण पोशाख घालायचा. त्या पोशाखात उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटे उभे राहणे कठीण असते. इथेच खरी फसगत होते. भट्टी थांबली की प्रत्येक तासाचे नुकसान कोणीतरी मोजत असते आणि सळई बऱ्याचदा ठेकेदाराच्या माणसाच्या हातात असते, ज्याला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कागदावर असतो. थर रोखण्याचे सगळे तंत्र गोण्यांच्या हिशेबात मांडले जाते. मला त्याचे पहिले कारण हा सळई धरणारा माणूस वाटतो.

कचऱ्यातून किती क्लोरिन जाते?

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले. जळाऊ कचऱ्यापासून इंधन बनवणाऱ्या प्रकल्पाच्या १०० किलोमीटरच्या परिसरातील उद्योगांनी आपल्या इंधनाचा किमान पाच टक्के भाग या इंधनातून घ्यावा, अशी अट त्यांनी घातली. या इंधनाला आरडीएफ म्हणतात. युरोपातील अनेक भट्ट्या निम्म्याहून अधिक उष्णता अशा इंधनातून घेतात. आपल्याकडे हे प्रमाण त्या मानाने बरेच कमी आहे, पण वाढते आहे. उकिरड्यावर धुमसत राहण्यापेक्षा १,४५० अंशांच्या भट्टीत कचरा जाळणे केव्हाही बरे.

साधा हिशेब करून पाहू. एक टन क्लिंकरला साधारण सव्वासात लाख किलोकॅलरी उष्णता लागते. त्यातली १५ टक्के कचऱ्यातून घ्यायची आणि कचऱ्याची उष्णता किलोला ३,००० किलोकॅलरी धरली, तर टनामागे सुमारे ३६ किलो कचरा लागेल. त्यात क्लोरिन ०.३ टक्के असेल, तर टनामागे १०८ ग्रॅम आत जाते. ०.७ टक्के असेल, तर २५२ ग्रॅम. बायपास नसलेल्या भट्टीला क्लिंकरच्या टनामागे एकूण सुमारे ३०० ग्रॅमपर्यंत क्लोरिन झेपते, असा या उद्योगातला ढोबळ अंदाज आहे. दगड आणि कोळशातून येणारे क्लोरिन त्यातच धरायचे. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या कचऱ्याने जवळजवळ सगळी जागा एकट्यानेच खाल्ली.

हा ०.४ टक्क्यांचा फरक कुठून येतो? दोन ठिकाणांहून. मिठात वजनाने साठ टक्के क्लोरिन असते, त्यामुळे आमटी-भाजी लागलेला, खरकट्यात मिसळलेला सुका कचरा भट्टीला बाधतो. आणि पीव्हीसी प्लास्टिकमध्ये सुमारे ५७ टक्के. पाण्याचे पाइप, वायरवरचे आवरण, रेक्झिन, स्वस्त चपला ही त्याची रूपे. आणखी एक रूप आपल्या चौकाचौकांत टांगलेले असते : फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्सही पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाचाच असतो. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत दर महिन्याला उतरणाऱ्या फलकांचा ढीग सुक्या कचऱ्यात गेला, तर नेत्याचा चेहरा विस्मृतीत गेल्यावरही त्यातले क्लोरिन एखाद्या सायक्लोनमध्ये फेऱ्या मारत राहू शकते. पीव्हीसी आणि फ्लेक्स वेगळे काढणे नगरपालिकेच्या वर्गीकरण केंद्रावर हाताने जमते. एकदा कचऱ्याचे बारीक तुकडे झाले, की ते कोणालाच जमत नाही.

आपल्या साखर कारखान्यांत तोच आजार कसा?

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील अनेक कारखान्यांना जोडून आसवनी, म्हणजे डिस्टिलरी आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते बारा लिटर स्पेंट वॉश हे गडद तपकिरी सांडपाणी निघते. ते नदीत सोडता येत नाही. कृष्णाकाठाला मळीच्या पाण्याचा त्रास सांगायला नको. म्हणून ते आटवून काकवीसारखे घट्ट करतात आणि बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळतात.

ऊस जमिनीतून पोटॅश भरपूर उचलतो. साखरेचे स्फटिक होताना पोटॅश मागे राहते, मळीत जाते, मळीतून स्पेंट वॉशमध्ये आणि तिथून बॉयलरच्या राखेत. पोटॅशियमची क्लोराइडे आणि सल्फेटे इथेही तेच करतात : सातशे अंशांच्या आसपास राख चिकट होते आणि सुपरहीटरच्या नळ्यांवर थर धरते. दोन नळ्यांमधली फट बुजते, वायूची ओढ कमी होते, वाफ उतरते आणि काही आठवड्यांनी बॉयलर बंद करून आत माणसे उतरवावी लागतात. नळ्यांवरचा थर आणि सायक्लोनमधला थर एकमेकांशेजारी ठेवले, तर रसायनशास्त्राला त्यांच्यात नाते दिसेल.

उपायही ओळखीचे वाटतील. नळ्यांपर्यंत पोहोचण्याआधी वायू थंड व्हावा म्हणून मध्ये मोकळे कप्पे सोडतात, म्हणजे राख कोरडी होऊनच पुढे जाते. नळ्यांमधले अंतर वाढवतात. वाफेच्या झोताने किंवा ठरावीक वेळाने हातोड्यांचे ठोके देऊन राख झाडतात. स्पेंट वॉशचा घट्टपणा सारखा ठेवतात, कारण तो पातळ-जाड झाला की भट्टीचे तापमान डोलते.

फरक पडतो तो झाडलेल्या राखेत. भारत पोटॅश खत जवळजवळ सगळे आयात करतो, आणि या राखेपासून दाणेदार खत बनते. त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असते. ‘मळीपासून मिळालेले पोटॅश’ या नावाने केंद्राने ते खत अनुदानाच्या योजनेत घेतले. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांनी ते खत कंपन्यांना टनाला ४,२६३ रुपये दराने विकायचे ठरले, त्याशिवाय त्या वेळच्या दराने टनाला ३४५ रुपये अनुदान. नळ्यांना चिकटून बॉयलर बंद पाडणारे हे पोटॅश उसाच्याच शेतात परत घालता येते.